महिलांच्या चारशे मीटर शर्यतीच्या वेळेबाबत

मी, धंदा घड्याळ दुरुस्ती, वय ५७ वर्षे, राहणार मुख्य मैदानाच्या मागील गल्लीत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आज सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता निरोप आल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व भाची यांच्यासह राहतो. भाची ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी असून वय २४ वर्षे आहे. चार वर्षांपासून ती आमच्याकडे असते व धावणे हाच तिचा व्यवसाय आहे. आमच्या शहरात गेले तीन हंगाम व्यावसायिक धावण्याची लीग भरते. त्यात सहा संघ आहेत. भाची त्यांपैकी एका संघाकडून चारशे मीटर धावते. मी लीग सुरू झाल्यापासून तिथे शेवटच्या रेषेवरील कॅमेऱ्याचा पंच म्हणून काम करतो. कोण पहिले आले आणि किती सेकंदांत, हे त्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून मी ठरवतो. भाची ज्या शर्यतीत असते त्या शर्यतीचे चित्र मुख्य पंच बाईही माझ्यासोबत बघतात. असे आम्ही पहिल्या हंगामातच ठरवून घेतले आहे.

चालू हंगामात लीगची स्थिती चांगली नाही. मोठ्या प्रायोजकाने सुरुवातीलाच अंग काढून घेतले. अडथळ्यांच्या फळ्यांवरील त्यांचे नाव चिकटपट्टीने झाकलेले आहे. धावपटूंचे छातीवरचे क्रमांक गेल्या वर्षीचेच वापरतात व टाचण्या ज्याने त्याने घरून आणायच्या असतात. बक्षिसाची रक्कम कोणालाच मिळालेली नाही. एका संघाच्या मुली परतीच्या भाड्यासाठी लीगच्या मॅनेजरच्या खोलीबाहेर दोन तास बसल्याचे मी पाहिले आहे. मॅनेजरना कोणी पुढच्या सभेचे, म्हणजे शर्यतींच्या दिवसाचे, विचारले की ते म्हणत, "आधी आजचं तर पार पडू दे." मलाही गेल्या हंगामापासून मानधन नाही. माझे दुकान आहे, त्यामुळे माझे अडले नाही.

कॅमेरा व त्याचे यंत्र लीगच्या मालकीचे नाही. ते भाड्याने आणलेले आहे. भाडे थकल्याचे मला शनिवारपर्यंत माहीत नव्हते.

शनिवारी सभा साडेतीन वाजता सुरू होणार होती. नियमाप्रमाणे दोन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही शून्याची चाचणी घेतली. म्हणजे असे की, शर्यत सुरू करून देणारा पंच शेवटच्या रेषेवर येऊन कॅमेऱ्यासमोर पिस्तुलाचा बार काढतो. बारासोबत घड्याळ शून्यावरून सुटले की नाही, हे चित्रात दिसते. तसे दिसले तरच त्यानंतरच्या वेळा अधिकृत धरतात. यंत्राची जोडणी मधे सुटली तर ही चाचणी पुन्हा घ्यावी लागते. हे काम करणारे पंच आमच्यात 'धडाका' या नावाने ओळखले जातात. चाचणी बरोबर आली. चित्र जतन केलेले आहे.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी कॅमेरा पुरवणाऱ्यांचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन मैदानावरील कॅमेऱ्याच्या खोलीत वर आला. आजच्या आज सामान परत न्यायचे, असे त्यात होते. मी त्याला खुर्ची दिली, हात लावू नका असे सांगितले व मॅनेजरना विचारायला खाली गेलो. मॅनेजर फोनवर होते. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली. मी सुमारे पंधरा मिनिटे थांबलो. नंतर ते म्हणाले, तुम्हीच त्याची समजूत काढा.

मी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी वर आलो तेव्हा ड्रायव्हरने यंत्राच्या सर्व तारा काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. त्याच्याशी माझे बोलणे झाले ते असे. मी त्याला म्हणालो, फक्त एक शर्यत राहू दे. तो म्हणाला, "काका, तुमचं ठीक आहे, पण हे घेऊन गेलो नाही तर माझी नोकरी जाईल." मी त्याच्या छातीला हात लावून त्याला दाराबाहेर केले व आतून कडी लावली. ढकलल्याची त्याची तक्रार खरी आहे. त्याने शिवीगाळ केली नाही. तो चांगला माणूस वाटला.

एकाच शर्यतीसाठी का, असे विचारल्यावरून सांगतो की, पुढची शर्यत महिलांची चारशे मीटर होती. राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी ५२.५० सेकंदांच्या आतील वेळ लागते व ती कॅमेऱ्यानेच मोजलेली लागते. हातातल्या घड्याळाची वेळ चालत नाही. नावे पाठवण्याची मुदत आज दुपारी बारापर्यंत आहे. भाचीची त्याआधीची सर्वांत चांगली वेळ ५२.६३ होती.

मी तारा पुन्हा जोडल्या. त्याला चौदा मिनिटे लागली. माझे हात घड्याळाच्या कामाला बसलेले आहेत, तरी दोन वेळा चुकीची तार बसवली. ड्रायव्हर दार वाजवत होता व मालक निघाले आहेत असे सांगत होता. खाली मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या होत्या. त्या वेळी धडाका यांनी वायरलेसवरून मला विचारले, "वरचे यंत्राचे दिवे मधे गेले होते का हो? शून्य परत घ्यायचं का?"

मी म्हणालो, "झालंय. सोडा तुम्ही."

शर्यत पाच वाजून वीस मिनिटांनी सुटली. मुख्य पंच बाई खालून जिन्याने आल्या तेव्हा मुली शेवटच्या वळणावर होत्या. मी त्यांच्यासाठी कडी काढली व परत लावली. आम्ही दोघांनी चित्र पाहिले. भाची पहिली आलेली असून वेळ ५२.४१ आहे. भाचीने खिडकीखाली येऊन विचारले, मामा, किती? मी आकडा सांगितला. ती तिथेच ट्रॅकवर बसली. तिच्यासोबत धावलेल्या मुली तिच्याभोवती जमल्या. त्यांतील एकीने तिचे बूट काढून दिले.

सहा वाजता मी दार उघडले व कॅमेरा, यंत्र आणि सर्व तारा मोजून ड्रायव्हरच्या ताब्यात दिल्या. सामानाचे नुकसान झालेले नाही. त्याच संध्याकाळी मॅनेजरनी धावपटूंना बोलावून उरलेल्या दोन्ही सभा पुढे ढकलल्याचे सांगितले. पुढे म्हणजे कधी, असे एका मुलीने विचारले. ते म्हणाले, कळवू.

आज सकाळी आठ वाजता मुख्य पंच बाईंचा मला फोन आला होता. निकालपत्रातील चाचणीचा रकाना माझ्याकडून भरायचा राहिला आहे. त्या म्हणाल्या, "दोन पन्नासचं चित्र आहेच की. सही करून पाठवून द्या, म्हणजे मी पण मोकळी झाले." तारा मधे काढल्या गेल्याचे त्यांना माहीत नाही. ड्रायव्हरच्या तक्रारीतही तसे लिहिलेले नाही, हे मला येथे वाचून दाखवल्यावर समजले.

मला असे लिहून द्यावयाचे आहे की, तारा परत जोडल्यानंतर शून्याची चाचणी घेतलेली नाही. धडाका यांनी विचारले होते. त्यांची चूक नाही. यंत्र बरोबरच चालत असावे असे मला वाटते, परंतु ते तपासलेले नाही. त्यामुळे ती वेळ अधिकृत म्हणता येणार नाही व निकालपत्रात मी तसेच भरणार आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांनी मला सांगितले की, ड्रायव्हरच्या तक्रारीशी याचा संबंध नाही, हे घातले नाही तरी चालेल. मी म्हणालो, घाला. किती वाजले असे मी विचारले. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

भाची माझ्यासोबत आलेली आहे व ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली आहे. तिला हे अद्याप सांगितलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. वाचताना माझ्या विनंतीवरून दार लावून घेतले होते. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून बरोबर आहे. खाली सही केली आहे.