गाडीतला पिवळा दिवा

पद्माबाई : पुन्हा लागला बघ. त्या मीटरच्या काट्यांच्या बाजूला. पिवळा.

हनुमान : दिसून राहिलाय, माय. मला बी डोळे हायेत.

पद्माबाई : डोळे हायेत तर बंद कर ना त्याला.

हनुमान : त्याला काय बटन हाये का? इंजिनाचा दिवा हाये तो. अन् गाडी बी गचके खाऊन राहिलीय. थांबवतो मी.

पद्माबाई : थांबवायची न्हाई! नरसी मागं पडली, साखरा आता आलंच. तिथं विहीणबाई साधनाची ओटी भरून बसल्यात. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन राहिली, अन् तिचा भाऊ रस्त्यात उभा!

हनुमान : घेतली गाडी कडेला. मी प्रभू मिस्त्रीला फोन लावतो. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवतो, तू बी ऐक.

प्रभू : बोला हनुमानराव.

पद्माबाई : प्रभू, मी पद्माकाकू. तूच म्हणला होतास ना, गाडी घ्या, टकाटक हाये? घरी आणून दोन महिने न्हाई झाले, अन् दिवा लागून राहिलाय.

प्रभू : काकू, दिवा म्हणजे खराबी न्हाई. खराबी झाली हे सांगणारा हाये तो.

पद्माबाई : मग नीट सांग म्हणावं, काय झालं ते.

प्रभू : तेवढं त्याला बोलता येत न्हाई. पेट्रोलचं झाकण ढिलं राहिलं तरी लागतो, उंदरानं वायर कुरतडली तरी लागतो. मला एक सांगा, एकसारखा जळतोय का लुकलुकतोय?

हनुमान : अगोदर एकसारखा होता. आता लुकलुक करतोय.

प्रभू : मग गाडी जागची हलवू नका. एकसारखा असला तर सावकाश गॅरेजला आणता येते. लुकलुकला म्हणजे थांबायचं. काल गाडीला काय केलं होतं?

हनुमान : काही न्हाई. धुतली.

प्रभू : वरून का बोनेट उघडून?

हनुमान : माय, तू सांग ना त्याला.

प्रभू : हॅलो? आवाज येतोय का?

हनुमान : उघडून. मोटार लावून, पाइपानं.

प्रभू : अहो, कोणी सांगितलं तुमाला?

पद्माबाई : मी सांगितलं. पोळ्याला बैल धुतो तव्हा पोटाखालून, मानंखालून धुतो का न्हाई? निस्ती पाठ भिजवून कोणी सोडतं का? लेकीला आणायला जायचं, अन् गाडी आतून मातीनं भरलेली!

प्रभू : काकू, बैल अंग झटकून पाणी काढतो. गाडी कुठून झटकणार? पाणी प्लगापाशी जाऊन बसलं. तिथं ठिणगी पडंना, तव्हा पेट्रोल कच्चंच सायलेन्सरात चाललंय. हाणत राहिलात तर तिकडं तापून लाल होईल. खाली वाळकं गवत आलं तर पेट घेईल.

पद्माबाई : आता काय करायचं ते सांग.

प्रभू : चावी काढा, बोनेट उघडा, उन्हात राहू द्या. माझ्या हातात एक काम हाये, ते करून निघतो. चांगलाच वेळ लागंल.

हनुमान : ये बाबा. वाट बघतो. ठेवतो.

पद्माबाई : त्याला काय कळतं? गचके खात का होईना, चालून राहिली ना? चल, हाण.

हनुमान : माय, ऐकलं न्हाई का तू?

पद्माबाई : ऐकलं. विहीणबाई म्हणल्या होत्या, आमच्या गाडीतून सोडतो. मी म्हणलं, आमच्या दारात बी गाडी उभी हाये. आता कोणत्या तोंडानं सांगू? मला मरणाची भीती न्हाई, हाण तू.

हनुमान : जाताना तू बसशील. येताना साधना बसल.

पद्माबाई : मग?

हनुमान : सातवा सरत आलाय तिचा.

पद्माबाई : ठाव हाये मला. मी आई हाये तिची.

हनुमान : मग सांग, हाणू का?

पद्माबाई : चावी काढ. अन् तो फोन दे इकडं. विहीणबाईंचा नंबर लाव.

हनुमान : मी बोलू का?

पद्माबाई : तू गप बस. … हॅलो, पार्वतीबाई? मी पद्मा. … न्हाई, पोचलो न्हाई. नरसीच्या पुढं थांबलोत. … गाडी बिघडली. … व्हय, आमचीच. … तुमची गाडी काढा म्हणते मी. साधनाला घेऊन या, अन् येता येता मला बी घ्या. … व्हय, मीच म्हणून राहिले. … अन् तिला मागच्या शिटावर बसवा, पाय लांब करता येतील तिला.