ओली लादी

इस्पितळाची लादी पुसता पुसता मावशींची नजर बाकावर बसलेल्या चर्चच्या पाळकांवर गेली.

“पाळकसाहेब, तुम्ही इथे? कोणाला भेटायला?”

“नाही बाई, माझाच नंबर आहे. पोटात गाठ निघालीय.”

“अगंबाई! घाबरलात का हो?”

“भीती वाटते. जन्मभर लोकांना धीर दिला, आणि आज स्वतःसाठी बायबलमधलं एक वचन आठवत नाही.”

“माझ्या लेकीला माती देताना म्हणालात, ते?”

“तेही नाही.”

“मला पाठ आहे. त्या दिवसापासून देवाशी अबोला धरलाय, पण ते काही डोक्यातून जात नाही.”

“मग म्हणा ना.”

“माझा विश्वास नाही हो राहिला.”

“आज माझा तरी कुठे आहे? म्हणा.”

मावशी हळू आवाजात म्हणू लागल्या. वचन अर्ध्यावर आलं, तेवढ्यात नर्सने दारातून नंबर पुकारला.

“जरा थांबा,” मावशी नर्सला म्हणाल्या, “लादी ओली आहे.”