दारातली हलगी

आधी तारीख ऐका, मग काय हसायचं ते हसा. सन दोन हजार पंचवीस, मार्चची एकवीस, शुक्रवार. रंगपंचमी होऊन दोन दिवस झालेलं, पाडवा तोंडावर आलेला, आणि ऊन असं की म्हैस सकाळी नऊलाच सावली हुडकत होती. त्या दिवशी माझ्या दारात हलगी वाजली. माझ्या! आकाराम दत्तू चौगुल्याच्या! एकाहत्तर वर्षांत ज्यानं वाण्याची चार आण्याची उधारी ठेवली न्हाई, त्याच्या दारात!

पण थांबा. हलगी मागनं आली. आधी कमान आली.

तुम्हाला सांगतो, आमच्या नगरपालिकेला एक दिवस सुचलं, गावात शिरताना कमान पायजे. कशाला? गाव काय हरवलंय? चाळीस वर्षं मी कबनूरला कापडाच्या मागावर कामाला जात होतो, रातपाळी करून पेंगत पेंगत सायकलीवरनं परत येत होतो, एक दिवस गाव घावलं न्हाई असं झालं न्हाई! पण कमान झाली. कमानीवर दोन सिंह बसवलं. त्यातल्या एकाचं तोंड कुत्र्यागत झालं म्हणून तो पाडून परत केला. मग कारंजं झालं. पाणी आम्हाला दिवसाआड, कारंज्याला कुठलं? त्यात कुत्री जाऊन निजायला लागली म्हणून जाळी मारली. मग पालिकेतल्या मोठ्या साहेबांना नवी गाडी आली... कारंजं बघायला जायला!

शेजारी गणपतराव, रिटायर मास्तर. त्यांना इचारलं, "आवं, हे पैसं आलं कुठनं?" पानाचा तोबरा सांभाळत म्हणालं, "आकाराम, शासनाचा निधी हाय त्यो." निधी! निधी काय झाडाला लागतोय? साबण घ्या, कर. बामची डबी घ्या, कर. मोटारसायकलीत तेल घाला, कर. सुनेच्या खात्यावर महिन्याला पैसं टाकत्यात आणि त्याच घरात माझ्या खिशातनं काढत्यात, मधी वाटखर्ची तेवढी ठेवून घेत्यात. पैसा कुणाचा? आपलाच की!

बरं, कमान झाली, कारंजं झालं, तिजोरी आटली. आता भरायची कशी? घरफाळा वाढवायचा! त्यासाठी घरोघरी सर्व्हे. सर्व्हेला कुठल्याशा ठेक्याच्या कंपनीचा माणूस आला, गळ्यात टाय, हातात पाटीएवढा मोबाईल. आता माझ्या घरची रीत सांगतो. रोज सकाळी सहाला दारात म्हशीची धार काढायची आणि आल्यागेल्याच्या हातात ऊन ऊन, फेसाचा पेला द्यायचा. तालमीतनं घामेजून आलेला असू दे, न्हाईतर नृसिंहवाडीला चालत निघालेला असू दे. माझ्या बापानं लावलेली रीत. पैसा घ्यायचा न्हाई. इकायचं ते दूध डेअरीत, दारात न्हाई. टायवाला आला, म्हटलं पावणं हाय, दिला पेला. त्यानं दोन पेलं पिलं. मिशी नव्हती, दुधाची आली. आणि गोड आवाजात मला इचारतोय, "काका, रोज किती ग्लास जातात हो?"

आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी छाती काढून सांगितलं, "जात्यात की! वीस-पंचवीस कुठं गेलं न्हाईत!"

त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते वर्षानं कळलं. "दुग्ध उपाहारगृह. व्यापारी वापर." साडेआठशे रुपये फाळा होता, तो झाला अकरा हजार. वर ठोकला दंड. दंडावर व्याज. माझंच दूध पिऊन!

गेलो नगरपालिकेत. वसुलीचा साहेब पंख्याखाली बसलेला. मी म्हटलं, "साहेब, माझ्यात हॉटेल न्हाई. एक म्हैस हाय." साहेब नाकातनं बोलतोय, "आजोबा, हरकत घ्यायची मुदत संपली." मुदत कधी होती? "नोटीस लावली होती की." कुठं? "कमानीवर."

कमानीवर! बरं, गावात येताना तरी दिसावी? न्हाई! मागच्या अंगाला, सिंहाच्या शेपटाखाली! गाव सोडून जाणाऱ्यानं वाचायची, आणि राहणाऱ्यानं भरायचं!

म्हटलं, साहेब, या, बघा, पैसा घेतो का ते कुणालाबी इचारा. साहेब म्हणाला, "मग दूध वाटणं बंद करा, प्रश्नच मिटला." मी उठलो. म्हटलं, बापाची रीत बंद होणार न्हाई आणि जे देणं माझं न्हाई ते भरणार न्हाई. दोन वर्षं भरलं न्हाई. साडेआठशेची रक्कम तेवढी न्यायचो दरसाल. घ्यायचे न्हाईत. "पूर्ण भरा." आमची मंडळी, धोंडुबाई, रोज माझ्या मागं, "भरून टाका वो, आबरू जाईल." मी म्हणायचो, आबरू माझी हाय, त्यांच्या रजिस्टरात न्हाई.

आणि आली एकवीस तारीख. मी गोठ्यात होतो. दारात हलगी कडाडली. आता आमच्याकडं हलगी वाजली की काय समजायचं? कुणीतरी कुस्ती मारली! आदल्या दिवशी गणपतरावांचा नातू विश्वजित कबनूरला लढायला गेलता. मला वाटलं, पोरानं मैदान मारलं, मिरवणूक पहिली आपल्या दारात आणली, रोज माझं दूध पितोय की त्यो! अंगात आलं माझ्या. ट्रंकंतला फेटा काढला, बांधला, धोंडुबाईला म्हटलं पेलं भर, आणि बाहेर येऊन हलगीवाल्या अण्णासोच्या हातात शंभराची नोट कोंबली. "वाजीव गड्या! हात आखडू नगंस!"

अण्णासोचा हातच थांबला. मान खाली. मी म्हणतोय, "आरं वाजीव की! पैलवान कुठाय?"

पैलवान नव्हता. मागं साहेब होता. हातात कागद, तोंडाला कर्णा. "मालमत्ता थकबाकीदार, आकाराम दत्तू चौगुले! सत्तावीस हजार सहाशे रुपये!"

फेटा बांधून उभा मी. हातात दुधाचा पेला.

गल्ली गोळा झाली. रोज पेलं रिकामं करणारी सगळी तोंडं तिथं होती. एकजण तरी म्हणावा, साहेब, ह्यो माणूस पैसं घेत न्हाई. तुम्हाला सांगतो, सगळ्यांनी पायातल्या चपला बघितल्या. गणपतरावांना पानाची पिंक टाकायला आत जावं लागलं. विश्वजित दाराआड उभा. कुस्ती हरून आलेला, त्यो तरी काय बोलणार? बोलला एकटा अण्णासो. नोट पुढं केली, "काका, घ्या परत. मला पालिकेनं रोजानं लावलंय. तुमची बेइज्जती करायला आलो आणि तुमचंच बक्षीस खाऊ?"

म्हटलं, ठेव. हलगी चांगली वाजवलीस. चौगुल्यानं दिलेलं परत घेतलं न्हाई कधी.

आत आलो. फेटा सोडला. धोंडुबाईनं भरलेलं पेलं एकेक करून परत भांड्यात ओतलं.

परत दारात हलगी नको म्हणून मंगळवारी म्हैस इकली. गगनबावड्याकडचं गिऱ्हाईक. आवं, तिच्या एका पाठीवर माझी सगळी चैन होती, आणि बापाची रीत. धोंडुबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरी चारली, आणि दावं काय सोडंना. त्या माणसानं हळूच दाव्यावरची तिची बोटं सोडवली. बुधवारी सकाळी सहाला तालमीतली दोन पोरं आली, गोठा बघितला, गेली.

शुक्रवारी पैसं घेऊन गेलो. पावतीवर एकेक ओळ साहेबानं वाचली. फाळा. दंड. व्याज. आणि खाली... "वसुली खर्च, हलगी, पाचशे रुपये." मी म्हटलं, ही हलगी माझ्या नावावर? "हो. ज्याच्या दारात वाजते त्याच्याकडून घेतो. तसा ठराव आहे." म्हंजे माझी आबरू काढायची मजुरी मीच द्यायची! शंभर बक्षीस येगळं!

साहेब म्हणाला, "म्हैस विकली म्हणे? मग घरगुती वापराचा अर्ज करा. पुढच्या सर्व्हेला बघू." पुढचा सर्व्हे कधी? "चार वर्षांनी." तोवर? "तोवर व्यापारी."

गोठा रिकामा. पेलं फळीवर पालथं. आणि फाळा हॉटेलाचा.

इचारणार होतो, साहेब, पैसा कुणाचा... न्हाई इचारलं. अठ्ठावीस हजार शंभर मोजून दिलं. पावती घेतली. देणं फिटलं.