स्नेक प्लांटचं एकुलतं बी

खोटं वाटेल, पण सावेडीच्या फ्लॅटमधल्या माझ्या स्नेक प्लांटला एकदा फळ धरलं. एकच, नारिंगी, आत एकच बी. ते खिडकीतल्या कुंडीत पेरून मी रोज डोकावत बसायचे. उगवायचं नावच नाही.

नवरात्रात सासूबाई जामखेडहून आल्या. घटासाठी रानातली माती आणायला विसरल्या, म्हणून त्यांनी माझी कुंडीच टोपलीत रिकामी केली आणि वर गहू पेरला.

“अहो आई, त्यात माझं बी होतं!”

“आता घट बसल्यात. हात लावायचा न्हाई.”

दसऱ्याला घट उठले, गव्हाचे तुरे सगळ्यांच्या टोपीत, केसांत गेले. ती माती टाकायची नसते, रानात न्यायची असते, म्हणून टोपली देवघराखाली तशीच राहिली.

दिवाळी करून सासूबाई निघाल्या. टोपली उचलली आणि जागीच थबकल्या. वाळलेल्या मुळ्यांतून एक जाड, टोकदार, हिरवंगार पान वर आलं होतं. पाण्याचा थेंब नसताना!

“ह्यो गहू न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. डोक्यावर पदर घेतला, पानाला हळदकुंकू वाहिलं आणि टोपली होती तिथंच ठेवली.

“आई, माती न्यायची ना रानात?”

“कशी न्यू? घट अजून उठले न्हाईत.”