आधी नापास व्हायला हवी

माझ्या बाळाला डोस द्यायला मी कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक सून आणि नातीला थोपटणाऱ्या तिच्या सासूबाई.

"इथं तरी बंद ठेव की, अंजली."

"आई, सुरगाण्याच्या एका मुलीची पहिलीच दुरुस्ती आहे. आज तपासली नाही तर नव्या आवृत्तीत जाणार नाही."

"कशाची दुरुस्ती?"

"कोडच्या जुन्या प्रती जपणारं सॉफ्टवेअर आहे, कुणीही सुधारावं असं. जुनी प्रत उघडली की नवी फाईल पुसली जायची. तिनं ते थांबवलंय. ते खरंच थांबलं का, हे तपासणारी चाचणीही लिहिलीय, पास झाली."

"मग हो म्हण."

"थांबा, तिची दुरुस्ती काढून चाचणी चालवते. बघा, तरी पासच."

"म्हणजे मोडक्यालाही चांगलंच म्हणते?"

"तेच लिहितेय. चाचणी निरुपयोगी."

"माझ्या पहिल्या भाकरीला असं कुणी म्हणालं असतं, तर मी पुन्हा तव्याजवळ गेले नसते. दुरुस्ती बरी आहे ना? ते आधी लिही."

"लिहिलं."

दहा मिनिटं गेली.

"आई, तिनं नवी चाचणी पाठवली."

"दुरुस्ती काढून बघ."

"नापास."

"आता घाल परत."

"पास."

"मग दे मंजुरी आणि ऊठ, आपला नंबर पुकारलाय."