दोन झाडं आणि दीडशे ग्रॅम

...नाही, नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, हसण्यावारी नेण्यासारखी गोष्टच नाही ही! आमच्या कॅनबेरात परसात गांजाची झाडं लावायला परवानगी आहे, माणशी दोन, अगदी राजरोस, पण ती कापल्यावर माणसाजवळ ओला माल असावा किती? दीडशे ग्रॅम! आता माझं एक झाड आठ फूट, दुसरं त्याहून वीतभर उंच, एकेका फांदीला मनगटाएवढ्या मंजिऱ्या, एक फांदी मोडली तरी दोनशे ग्रॅम, मग ते कापायचं कसं हो? झाड चालतं, पीक चालत नाही! म्हणजे गाय खुशाल पाळा, पण दूध काढायचं कपभर, आणि बाकीचं? बाकीचं गाईतच राहू द्या!

आणि हा नियम कुठल्या माणसानं लिहिला असेल ते मी डोळे मिटून सांगतो. माझ्यासारख्या! चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मी नियमांचे मसुदेच लिहिले की! उभ्या जन्मात गाडी चुकीच्या जागी लावली नाही, वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही... आणि आता साठी उलटल्यावर मी गुन्हेगार होणार ते कशानं, तर कात्रीनं!

तुम्ही म्हणाल, लेस, मग ही अवदसा तुला आठवली कुठून? गुडघे! बायकोचे, आमच्या ग्लेनिसचे गुडघे! तिच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या कुणा बाईनं सांगितलं, त्या पाल्याचं तेल चोळा, गुडघे बाळासारखे होतात. झालं! लावली दोन रोपं कोंबड्यांच्या खुराड्यामागे. आणि शेजारी मिर्को. मिर्को क्रोएशियाचा, पन्नास वर्षं टोमॅटो लावतोय, त्याला जगातलं प्रत्येक झाड टोमॅटोच वाटतं. कुंपणावरून ओरडतो, ‘अरे लेस, कोंबडीखत घाल! हात आखडतोस कशाला, तुझ्या बापाचं काय जातंय, कोंबडीचं जातंय!’ घातलं. भरपूर घातलं. आणि गुडघे? गुडघे फेब्रुवारीतच बरे झाले, तलावात पोहून! सुंठीवाचून खोकला गेला, पण सुंठ मात्र आठ फूट वाढली ना!

इथवरही ठीक होतं हो. मग वॉगाहून लेकीचा फोन आला. ब्रॉन्विन आमची एकुलती एक, शाळेत मुख्याध्यापिका, घरीही मुख्याध्यापिकाच. ‘बाबा, ईस्टरला आम्ही येतोय. ते झाड अजून आहे?’ मी म्हटलं, ‘आहे, म्हणजे कायद्यानं...’ ‘कायदा मला सांगू नका. पोरींचा हात पोचेल असं तिथं काही दिसलं, तर गाडीतून न उतरता परत फिरेन.’ आणि ती फिरेल! तुम्ही ओळखत नाही तिला!

आता माझ्या नाती. इमोजेन सहाची, फ्रेया तीनची. नाताळात दोन दिवस आल्या होत्या, त्यानंतर फोनच्या काचेवर दिसतात, त्यातही फ्रेयाचं निम्मं कपाळच दिसतं. साडेतीन महिने झाले हो. जीव तुटतो माझा त्या पोरींसाठी. रात्रंदिवस मनात एकच, गुड फ्रायडेच्या आत झाड हटलं पाहिजे. दिवस किती? नऊ!

बसलो कात्री घेऊन. एकच फांदी कापली, अगदी शेंड्याची, आणि ग्लेनिसच्या केकचं पीठ तोलायच्या काट्यावर ठेवली. एकशे त्रेसष्ट! तेरा ग्रॅम जास्त! आता हे तेरा ग्रॅम परत लावायचे कुठे? तुम्हाला सांगतो, लाज वाटते सांगायला, एक मंजिरी तोडली आणि झाडाच्या बुंध्याला टेकवून उभा राहिलो. म्हटलं, टेकवलेली आहे तोवर झाडच ना! दहा मिनिटं उभा. मिर्को कुंपणावरून बघतोय. ‘काय रे, झाडाला ताप आलाय?’

‘मिर्को, माझ्याजवळ तेरा ग्रॅम जास्त आहेत.’

‘मग मला दे!’

‘देता येत नाही. देणं गुन्हा आहे.’

‘मग जाळ!’

जाळ म्हणतो! पलीकडच्या घरात निवृत्त फौजदार, वारा नेमका तिकडचा, धूर जाईल तो सरळ त्याच्या दिवाणखान्यात! शेवटी त्या तेरा ग्रॅमचा बारीक चुरा करून खताच्या ढिगात पुरला. मग झोप लागेना. खतात पुरलेलं माझ्याजवळ आहे की नाही? नियमात ‘जवळ’ची व्याख्या काय? पाहिलंत, चौतीस वर्षं माणूस हेच करत राहिला की काय होतं ते!

आणि राहिलेले दीडशे टांगले वाळत. वाळायला दिवस किती? दहा! ते वाळेपर्यंत पुढचे दीडशे कापायचे नाहीत. मी रीतसर तक्ता केला. दोन्ही झाडं नियमात राहून संपवायची तर पुढचा ईस्टर उजाडतो! ग्लेनिसला म्हटलं, ‘अगं, दीडशे तुझ्या नावावर धरू या.’ ती म्हणाली, ‘माझ्या नावावर पानसुद्धा धरायचं नाही. उपटून टाक ना मुळासकट!’

उपटून टाक! बायकांना किती सोपं वाटतं! जमिनीत उभं आहे तोवर ते झाड, उपटून हातात घेतलं की तीन किलो माल! झाड चालतं हो, पीक चालत नाही!

शेवटी फोन केला सरकारी चौकशीला. नाव-पत्ता सांगितला, आहे काय त्यात लपवायचं? विचारलं, बाई, कायद्यात राहून हे कापायचं कसं? ती गोड आवाजात म्हणाली, ‘याबाबत आपण स्वतंत्र कायदेशीर सल्ला घ्यावा.’ आणि मी फोन ठेवून दिला. ते वाक्य माझं होतं! मी लिहिलेलं! ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याला लावायचं म्हणून मीच ठरवून दिलं होतं, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली होती!

मग उरलं काय? पिंजरा. पोरींचा हात पोचता कामा नये, एवढंच ना? दोन्ही झाडांभोवती खांब रोवले, कोंबड्यांची जाळी लावली, वरूनसुद्धा, दार केलं, कडी केली, कुलूप आणलं. चार दिवस खपलो. मिर्को म्हणाला, ‘टोमॅटोला एवढं कुणी करत नाही.’ मी खूष. म्हटलं, ब्रॉन्विन बघेल, हात फिरवेल, मान डोलावेल, आणि पोरी धावत येऊन गळ्यात पडतील.

गुड फ्रायडे. त्या दुपारी येणार होत्या. टांगलेलं वाळून चाळीस ग्रॅमवर आलं होतं, म्हणून सकाळी सहज आत शिरलो. खालच्या दोन फांद्यांनी दाराला रेटा लावला होता, म्हटलं, हिशेबात बसेल तेवढंच कापू. त्या झाडाचा चीक, तुम्हाला सांगतो, हाताला लागला की सुटत नाही. हात, बाह्या, सदरा, भुवया, सगळं चिकट, सगळा भपकारा! आणि तेवढ्यात गाडीचा आवाज! दोन तास आधी! पोरी उतरल्या त्या थेट परसाकडे, ‘आजोबाऽऽ’ करत, आणि ग्लेनिस घाबरली, स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं काय करावं? पिंजऱ्याचं दार लावलं, कुलूप ठोकलं, किल्ली कमरेच्या खिशात! मी आत!

ब्रॉन्विन आली. जाळी हलवून पाहिली, कुलूप ओढून पाहिलं. ‘छान केलंय,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘अगं, मला बाहेर काढ.’ तिनं वास घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘अंगावर किती आहे ते? पोरींना मिठ्या मारायच्या नाहीत असल्या कपड्यांनी. आई बादली नि साबण आणते, तोवर बाबा, तिथंच थांबा.’

थांबलो. जाणार कुठे? ग्लेनिसला साबण सापडेना. साडेतीन महिने ज्या पोरींची वाट पाहिली त्या हातभर अंतरावर उभ्या, मध्ये जाळी. इमोजेन मोठी, ती जरा बिचकली. फ्रेया मात्र जवळ आली. हातात ईस्टरचा मनुकांचा पाव, अर्धा खाल्लेला. तिनं मला नीट न्याहाळलं, मग त्या दोन झाडांना न्याहाळलं, आणि मागे वळून विचारलं,

‘आजी, यांना खायला घातलं तर चालतं?’

आजी म्हणाली, ‘चालतं.’

मग काय, मी जाळीतून तोंड पुढे केलं.