खिडकीतला तारा

(ऑक्टोबर १९१८. विस्कॉन्सिनमधलं एक गाव, शाळेचा चित्रकलेचा वर्ग, शनिवारची दुपार. व्हिटलॉक सर ब्रश धूत आहेत. रग्ना दारातूनच बोलायला लागली आहे.)

रग्ना : …आणि सकाळपासून तीन घरांतून बटाट्याच्या पोळ्या आल्या, सर. कशाबद्दल ते कुणी सांगत नाही. आईचा हात धरतात, डोळे पुसतात, चालू लागतात. ती मला विचारते, यांना झालंय काय?

व्हिटलॉक : बस आधी.

रग्ना : बसत नाही. मी बँकेवरून आलेय. तुमचं युद्धकर्जाचं पोस्टर लागलंय तिथं. माझी आई, आमची खिडकी, खिडकीत माझ्या भावाचा, हाकोनचा तारा. तिनं निळा शिवलाय, माझ्यासमोर. मुलगा लढाईवर गेला की निळा. तुम्ही सोनेरी रंगवलात. सोनेरी कोण लावतं, सर? ज्यांचा परत येणार नसतो ते.

व्हिटलॉक : खाली तिचं नाव नाही.

रग्ना : या गावात नाव कशाला लागतंय? 'हिनं मुलगा दिला, तुम्ही निदान पैसे द्या.' कधी दिला हो तिनं?

व्हिटलॉक : मी निळाच काढला होता. कर्ज गोळा करणाऱ्या समितीवाले म्हणाले, निळ्यानं कुणाचा हात खिशात जायचा नाही. शेवटी त्याच पैशातून हाकोनला बूट मिळतात, रग्ना.

रग्ना : म्हणजे बूट मिळावेत म्हणून आधी मारायचं त्याला.

व्हिटलॉक : असलं बोलू नये.

रग्ना : तुम्ही रंगवलेलं चालतं, मी बोललेलं नाही? तिला तुमच्यापुढे मीच आणून बसवलं. सरांनी अख्ख्या वर्गात मलाच विचारलं म्हणून केवढी मिरवले. ती बिचारी सारखी केस नीट करत होती. तुम्ही म्हणालात, जरा मुलाची आठवण काढा. काढली तिनं. आणि तुम्ही तिचं हे केलंत.

व्हिटलॉक : तिनं पाहिलंय?

रग्ना : अजून नाही. उद्या चर्चला जाताना बँकेवरूनच जायचंय.

व्हिटलॉक : समिती पोस्टरं काढू देणार नाही.

रग्ना : काढा कुठं म्हणतेय? ही रंगाची डबी आणलीय. निळा आहे.

व्हिटलॉक : …आणखी कुठं कुठं लागलीत?

रग्ना : पोस्टात, न्हाव्याकडे, चर्चच्या फाटकावर.

व्हिटलॉक : कोट घेतो. रग्ना, हाकोनचं शेवटचं पत्र कधी आलं होतं?

रग्ना : ऑगस्टात.

व्हिटलॉक : हं.

रग्ना : शाळेतला निळाही घ्या बरोबर. सोनेरीवर निळ्याचा एक हात पुरत नाही, तुम्हीच शिकवलंय.